इंग्रजी वाक्प्रचार वापरताना या चुका टाळा: ओळखीचा वाटतो तोच फसवतो

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात संध्याकाळी मी पोरांना इंग्रजी शिकवतो. त्यातला एक, आयटीआय झालेला, नागपूरला मुलाखतीला गेला. "काम कसं करता?" असं विचारल्यावर त्यानं छाती काढून सांगितलं, "सर, आय वॉश माय हँड्स ऑफ एव्हरी वर्क." त्याला म्हणायचं होतं की मी हात धुऊन कामाच्या मागे लागतो. समोरच्यांनी ऐकलं ते असं, की कोणतंही काम आलं की मी अंग काढून घेतो. रात्रीच्या एसटीनं परतला तो थेट माझ्या ओसरीवर. "सर, ते हासून राह्यले होते. मले वाटलं खूश झाले."

बायबलमध्ये मत्तयच्या शुभवर्तमानात रोमन सुभेदार पिलात येशूला क्रुसावर चढवायला सोपवण्याआधी सगळ्यांदेखत पाण्यानं हात धुतो: या माणसाच्या रक्ताशी माझा संबंध नाही. म्हणून इंग्रजीत हात धुणे म्हणजे जबाबदारी झटकणे. आपला वाक्प्रचार नेमका उलट्या दिशेला जातो.

माझ्या अनुभवात अगदी अनोळखी वाक्प्रचार फारसे चुकत नाहीत. 'स्पिल द बीन्स' ऐकलं की पोरं विचारतात, सर, शेंगा कायले सांडल्या? गुपित फोडणे, असं सांगितलं की लक्षात राहतं. जे मराठीसारखे दिसतात त्यांच्याबद्दल मात्र कोणी विचारत नाही, आणि घोटाळा तिथंच होतो.

पाय, कान, डोळा आणि मीठ

'पुलिंग माय लेग' हा यातला सरदार. आपल्याकडे पाय ओढणे म्हणजे पुढे जाणाऱ्याला खाली खेचणे. इंग्रजीत तो अर्थच नाही. तिथं ती फक्त थट्टा. माझ्या एका माजी विद्यार्थिनीनं साहेबांकडे तक्रार केली की ऑफिसात सगळे माझा लेग पुल करतात. साहेब म्हणाले, वा, मजेत आहात म्हणजे! ती रडवेली, आणि ते खरंच कौतुक करत होते. तिनं 'दे आर होल्डिंग मी बॅक' म्हटलं असतं तर विषय संपला असता.

कान भरणे म्हणजे चहाडी करणे, पण 'गेटिंग अ‍ॅन इअरफुल' म्हणजे भरपूर बोलणी खाणे. पोटात कावळे ओरडले की भूक. इंग्रजी पोटात फुलपाखरं उडाली की धाकधूक. शेजाऱ्याचा आपल्या धुऱ्यावर डोळा असला की तलाठ्याकडे खेटे सुरू होतात, पण बडनेरा स्टेशनवर कोणी 'कीप अ‍ॅन आय ऑन माय बॅग' म्हणालं तर त्यात संशय नाही, तो माणूस मदत मागतोय.

मिठाचं प्रकरण मला सगळ्यात आवडतं. तीस वर्षं मिठाला जागलेला सालगडी इमानदार असतो, पण 'वर्थ हिज सॉल्ट' म्हणजे इमानदार नव्हे, कामात पक्का. इमानदार आणि कामचुकार असे दोन्ही एकाच माणसात मी पाहिले आहेत. आणि 'विथ अ पिंच ऑफ सॉल्ट'? सांगणारा तिखटमीठ लावून सांगतो, म्हणून ऐकणाऱ्यानं ते चिमूटभर मिठासह, म्हणजे पूर्ण विश्वास न ठेवता घ्यायचं. दोन्ही भाषांत मीठच, पण एकीकडे ते सांगणाऱ्याच्या हातात, दुसरीकडे ऐकणाऱ्याच्या.

सगळेच असे दगा देत नाहीत. लोणी लावणे आणि 'बटरिंग अप' एकच. आगीत तेल ओतणे, नक्राश्रू, पांढरा हत्ती बिनधास्त वापरा.

पावसाळ्यावरचा निबंध

दरवर्षी निबंधात 'इट रेन्स कॅट्स अँड डॉग्स' येतंच, मग त्या साली जुलैत पाऊस दडी मारून दुबार पेरणी का झाली असेना. पहिलं म्हणजे तो प्रयोग जुनाट झालाय. बोलताना 'इट्स पोअरिंग' पुरे. दुसरं, तो पावसाचा जोर सांगतो, किती दिवस पडला ते नाही. आपल्या तीन दिवसांच्या झडीला कुत्री-मांजरं चालत नाहीत. झडीला इंग्रजीत सरळ सांगावं लागतं की पाऊस थांबतच नाही.

'वन्स इन अ ब्लू मून'चा अर्थ पोरं 'एका चांदण्या रात्री' करतात. खरा अर्थ क्वचित, फार दिवसांनी. मी धोंड्याच्या महिन्याचं उदाहरण देतो. इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरीला आता ब्लू मून म्हणतात, आणि तो येतो साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी, आपल्या अधिक मासासारखाच. कारणही एकच: चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा, त्यामुळे उरलेले दिवस साचत जातात. 2023 साली अधिक श्रावणही होता आणि ऑगस्टमध्ये दोन पौर्णिमाही.

कोणासमोर बोलताय?

एका मित्राचे आजोबा गेले तेव्हा गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी लिहिलं की ते 'किक्ड द बकेट'. 'आजोबा खपले' असं कोणी दुखवट्याला जाऊन म्हणतं का? अर्थ बरोबर, जागा चुकली. तिथं 'पास्ड अवे'.

'ब्रेक अ लेग' (शब्दशः 'पाय मोड', अर्थ शुभेच्छा) मूळचं नाटकवाल्यांचं. थेट शुभेच्छा दिल्या तर अपशकुन होतो या समजुतीतून ते आलं असं मानतात. आपण बाळाला काजळाचा तीट लावतो, त्यातलीच गत. झाडीपट्टीतला नट विंगेत उभा असताना म्हणा. मोटारसायकलवरून पडून प्लास्टरमध्ये असलेल्या मामाला नको.

शब्दही बदलू नका. हातावर तुरी देतात, हरभरे नाही. तसंच 'पीस ऑफ केक'चा (म्हणजे अगदी सोपं काम) स्लाइस होत नाही आणि 'पुलिंग माय लेग'मध्ये एकाच माणसाचा एकच पाय ओढायचा.

अडलं तर मी दोन गोष्टी करायला लावतो. केंब्रिज किंवा ऑक्सफर्डचा शब्दकोश मोबाईलवर फुकट उघडतो. त्यात अर्थासोबत 'इन्फॉर्मल', 'ओल्ड-फॅशन्ड' असे शिक्के असतात, ते आधी वाचायचे. मग खालचं उदाहरण वाचून त्या जागी आपला मराठी वाक्प्रचार ठेवून पाहायचा. वाक्य खटकलं तर तो जुळा नाही, नुसता तोंडवळा सारखा. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या (एसएससी) परीक्षेची तयारी करणाऱ्यांना हे जास्त लागू, कारण शब्दशः अर्थ बहुतेक वेळा पर्यायांत बसवलेलाच असतो.

तो आयटीआयवाला गेल्या महिन्यात दुसऱ्या मुलाखतीला गेला. या वेळी म्हणाला, "आय डोन्ट लीव्ह अ जॉब हाफ डन." बाहेर आल्याबरोबर मला मेसेज: सर, पीस ऑफ केक! नोकरी पक्की, पेढे तयार ठेवा.

मी उत्तर पाठवलं: बाजारात तुरी.