जमीन घ्यायला निघालात? सातबारा नंतर, रस्ता आधी

पुतण्या सध्या भोर तालुक्यात जमीन बघतोय. परवा त्याचा फोन आला, “काका, सातबारा एकदम कोरा आहे.” मी विचारलं, रस्ता कुठून आहे? तो म्हणाला, “आहे की, गाडी थेट बांधापर्यंत जाते.” 2017 साली जमीन बघून आल्यावर मी घरी हेच वाक्य बोललो होतो. म्हणून त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी हे लिहितोय.

आधी पैसा. जमीन अडीअडचणीला विकली जात नाही, गिऱ्हाईक मिळायला वर्ष-दोन वर्षं सहज जातात. त्यामुळे पुढची दहा वर्षं ज्याची आठवणही येणार नाही एवढीच रक्कम त्यात घाला. मुलांची फी, आईबाबांच्या दवाखान्याचे पैसे त्यात नकोत. जागेच्या धंद्यात भाग हवा पण तालुक्याच्या खेपा नकोत, अशांसाठी शेअर बाजारात रीटची, म्हणजे भाड्याच्या इमारती बाळगणाऱ्या ट्रस्टची, युनिटं मिळतात. देशातलं पहिलं रीट 2019 मध्ये बाजारात आलं. त्यांना निदान 80 टक्के मालमत्ता तयार आणि भाडं देणारी ठेवावी लागते आणि वाटपायोग्य रकमेतले निदान 90 टक्के युनिटधारकांना द्यावे लागतात. भाव रोज वरखाली होतो, पण गरजेला चार युनिटं विकता येतात. शेतजमिनीतले चार गुंठे तोडून विकायला गेलात तर तुकडेबंदीचा 1947 चा कायदा आडवा येतो.

एवढं करून जमीनच हवी असेल, तर रस्ता. बाकीचे कागद हातात घेण्याआधी रस्ता.

आमचं काय झालं ते सांगतो. 22 गुंठ्यांचा अख्खा गट, म्हणजे एका गट नंबरची पूर्ण जमीन, होती. वकिलांकडून तीस वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या दस्तांचा शोध, काढला, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली, मोजणी करून ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा सरकारी नकाशा, घेतली, हद्दीचे दगड पाहिले. डांबरी सडकेपासून आमच्या बांधापर्यंत तीनेकशे फूट कच्ची वाट होती, तिच्यावरूनच आम्ही गाडीने गेलो होतो. ती वाट कोणाच्या गटातून जाते हे एकानेही विचारलं नाही. मीही नाही, आणि जमीन घेणारा मी होतो. दोन वर्षांनी आमच्या आणि सडकेच्या मधला पुढचा गट विकला गेला आणि नव्या मालकाने तारेचं कुंपण घातलं. जागा त्याची होती, वाटेची कुठेही नोंद नव्हती.

म्हणून भूमी अभिलेखचा गाव नकाशा काढा. महाभूनकाशावर घरबसल्या दिसतो. गाडीरस्ता दुहेरी तुटक रेषेने दाखवतात, पायवाट एकेरी तुटक रेषेने. तुमच्या गटाला अशी रेषा भिडत नसेल तर जमिनीवर कितीही रुंद चाकोरी दिसो, तो रस्ता नाही, शेजाऱ्याची मेहरबानी आहे. मेहरबानी माणसाबरोबर असते, जमीन विकली की संपते. “वडिलांच्या काळापासून इथूनच जातो” हे ऐकून गप्प बसू नका. वहिवाटीने हक्क मिळवायला खासगी जमिनीवरून वीस वर्षांचा अखंड, विनातक्रार वापर सिद्ध करावा लागतो, आणि तेही परवानगीने नव्हे तर हक्काने केलेला. हा पुरावा तुम्ही, नवा माणूस, कुठून आणणार?

तहसीलदार देतील रस्ता, असंही लोक बिनधास्त सांगतात. जमीन महसूल संहितेचं कलम 143 आहे, पण ते शेत कसणाऱ्याला शेतात जाता यावं म्हणून, आणि तेही बांधावरून. गुंतवणूक म्हणून पडीक ठेवलेल्या जमिनीला त्याच्या भरवशावर पैसे लावू नका. अडवलेली जुनी वाट मोकळी करायला मामलतदार न्यायालय कायदा आहे, 1906 चा, पण तिथे अडवल्यापासून सहा महिन्यांत दावा लावावा लागतो. कुंपण पडलं तेव्हा आम्ही वर्षभर तिकडे फिरकलोच नव्हतो. मुदत गेली. शेवटी साडेतीन लाख मोजून बारा फुटांच्या वाटेच्या हक्काचा दस्त त्याच मालकाकडून करून घेतला, त्याला तीन वर्षं लागली. तीच वाट खरेदीच्या आधी, पुढचा जुना मालक चहा पाजत होता तेव्हा, कदाचित फुकट लिहून मिळाली असती.

नकाशात रस्ता नसेल आणि जमीन तरीही आवडली असेल तर एकच उपाय: आधी पुढच्या गटवाल्याकडून नोंदणीकृत दस्त आणि त्याच्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’मध्ये वाटेची नोंद, मगच तुमचा विसार, म्हणजे बयाणा. साध्या स्टॅम्पवरचं संमतिपत्र चालवून घेऊ नका. घाई कोणालाही असो, विसार थांबला तर थांबू द्या.

आता सातबारा. ‘इतर हक्क’ रकाना ओळ न् ओळ वाचा: बँकेचा बोजा, कूळ, वारसांची नावं, पुनर्वसनाचा शेरा. भोगवटादार वर्ग 2, म्हणजे विक्रीवर सरकारी अटी असलेली जमीन, दिसला तर परवानगीशिवाय हात लावू नका. फेरफार, म्हणजे मालकीबदलाच्या नोंदी, मागे जाऊन पाहा, बहिणींची नावं कधी आणि कशी कमी झाली हे खास बघा. तुम्ही स्वतः शेतकरी खातेदार आहात ना? नसाल तर साध्या शेतजमिनीचा विषयच सोडा, बिनशेती प्लॉट बघा, आणि तिथे मंजूर लेआउटमधला आतला रस्ता दाखवतील तेव्हा फाटकापासून सडकेपर्यंतचा विचारा. परत तेच सांगतोय, मला माहीत आहे.

मोजणी खरेदीच्या आधी. विसार चेकने किंवा बँकेतून, वीस हजारांपासून पुढे रोख घ्यायला विकणाऱ्याला आयकर कायद्यात बंदीच आहे. किंमत पन्नास लाख किंवा वर आणि जमीन बिनशेती असेल तर एक टक्का टीडीएस कापायची जबाबदारी तुमची. मुद्रांक, नोंदणी, वकील, मोजणी, कुंपण हे सगळं किमतीच्या वर धरा. दस्त झाला की फेरफार मंजूर होईपर्यंत तलाठ्याकडे पाठपुरावा.

घेतल्यावर दर तीन महिन्यांनी चक्कर, फोटो काढायचे, वाटेचेही. आणि घेण्याआधी एकदा भर पावसात जाऊन या, गाडी सडकेवर ठेवून चालत, हातात गाव नकाशा घेऊन. पुतण्याला येत्या रविवारी तसाच नेणार आहे.