नवीन माणूस आला की आयडी कसा काढायचा आणि गेला की बंद कसा करायचा

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठल्याबी एमआयडीसीत जावा, नवीन माणूस जॉइन झाला की पहिल्या दिवशी गेटपास मिळतो, सेफ्टी शूज मिळतात, पंचिंग मशीनवर बोट घेतात, आणि कॉम्प्युटरचं विचारलं की उत्तर येतं, "आधीचा होता त्याच्याच आयडीवर चालू दे सध्या." हे "सध्या" वर्षानुवर्षं चालतं. मी अशा छोट्या-मध्यम कंपन्यांचं आयटी बघतो, वीस-पंचवीस कॉम्प्युटरवाल्या मशीन शॉपपासून दीडशेवाल्या फाउंड्रीपर्यंत, जिथं वेगळं आयटी डिपार्टमेंट नसतं आणि हे काम एचआर, अकाउंट्स आणि कोणीतरी कॉम्प्युटरची आवड असलेला पोरगा मिळून करतात. त्यांच्यासाठीच हे लिहितोय.

माझं सांगणं एकच आहे. अकाउंट ज्या दिवशी काढाल त्याच दिवशी ते कधी बंद होणार किंवा परत कधी तपासणार ती तारीख पण लिहा. बाकीचं सगळं त्यामागून येतं.

सुरुवातीला कुठलंही सॉफ्टवेअर घ्यायची गरज नाही, एक एक्सेल शीट करा. पूर्ण नाव, खातं, कोणाच्या हाताखाली काम करणार, जॉइनिंग तारीख, दिलेला पीसी किंवा लॅपटॉपचा सिरीयल नंबर, कुठली कुठली अकाउंट दिली (विंडोज, मेल, टॅली, ईआरपी म्हणजे स्टोअर-परचेस सगळं ज्यात चालतं तो प्रोग्रॅम, ड्रॉइंगचा फोल्डर, व्हीपीएन म्हणजे बाहेरनं कंपनीच्या नेटवर्कमध्ये यायची सोय), ओटीपी कुठल्या मोबाइलवर जातो, आणि शेवटचा रकाना शेवटच्या तारखेचा. कायम माणूस असेल तर तिथं पुढच्या तपासणीची तारीख टाका, कॉन्ट्रॅक्टर असेल तर पीओ (परचेस ऑर्डर) संपायची तारीख. हा रकाना रिकामा असेल तर आयडी काढायचाच नाही, एवढा नियम मालकांकडून एकदा मंजूर करून घ्या म्हणजे रोज वाद घालायला लागत नाही. पासवर्ड मात्र या शीटमध्ये चुकून पण लिहू नका.

माणूस येणार हे आयटीला जॉइनिंगच्या दोन-तीन दिवस आधी कळलं पाहिजे आणि ते लेखी कळलं पाहिजे, मेल असो नाहीतर एचआरच्या नंबरवरून मेसेज. "अहो, उद्यापासनं एक पोरगा येतोय स्टोअरला, बघा जरा" असा फोन म्हणजे कळवणं नव्हे, कारण सहा महिन्यांनी हा आयडी कोणी मागितला होता ते कोणालाच आठवत नाही.

नावाचा नियम आधीच ठरवा. कोल्हापुरात हा विषय लई महत्त्वाचा आहे, एकाच खात्यात दोन सचिन पाटील सहज निघतात, मग एक सचिन.पाटील होतो, दुसरा सचिन.पाटील२, आणि कस्टमरचे मेल कायम चुकीच्या सचिनला. पहिल्यापासूनच मधलं अक्षर वडिलांच्या नावाचं घ्या. आणि गेलेल्या माणसाचा आयडी नवीन माणसाला देऊ नका, नाव सेम असलं तरी नको. जुने मेल, जुने हक्क (म्हणजे कुठले फोल्डर, कुठले प्रोग्रॅम उघडता येतात ते), जुन्या नोंदी सगळं नवीन माणसाच्या गळ्यात येतं.

आता हक्क. इथं सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "जुन्या स्टोअरवाल्याला जे होतं तेच ह्याला दे." तो जुना स्टोअरवाला मधी परचेस बघत होता, कधीतरी डिस्पॅच बघत होता, त्याच्याकडं दहा वर्षांचे हक्क साठलेत, ते सगळे नव्या पोराला पहिल्या दिवशी कशाला पाहिजेत? हक्क माणसाला न देता ग्रुपला द्या. स्टोअर, क्वालिटी, डिझाइन, अकाउंट्स, डिस्पॅच असे ग्रुप करा, फोल्डरचं परमिशन ग्रुपला, माणूस त्या ग्रुपमध्ये. खातं बदललं की जुन्या ग्रुपमधनं काढून नव्यात टाकायचा, झालं. बदलीच्या वेळी काढायचं मात्र सगळे विसरतात, घालायचं तेवढं लक्षात राहतं. आणि रोजच्या वापराला कोणालाच पीसीचा अ‍ॅडमिन करू नका, मालकांना पण नको.

पहिल्या दिवशी अर्धा तास त्या माणसाच्या शेजारी बसा, मी हे मनापासून सांगतोय. तात्पुरता पासवर्ड द्या आणि पहिल्या लॉगिनला तो बदलावाच लागेल असं सेटिंग ठेवा. नवीन पासवर्ड त्याला स्वतःला टाइप करू द्या, आपण मान फिरवायची. लांब पासवर्ड घ्यायला सांगा, चार-पाच शब्दांचा, त्याला लक्षात राहील असा, पण पोराचं नाव आणि गाडीचा नंबर नको. दर महिन्याला पासवर्ड बदलायची सक्ती करत बसू नका, अमेरिकेच्या निस्ट या संस्थेनं २०१७ मध्येच सांगितलंय की कारण नसताना ठरावीक काळानं पासवर्ड बदलायला लावू नये, कारण माणसं मग शेवटचा आकडा एकानं वाढवतात आणि मॉनिटरला चिठ्ठी चिकटवतात. त्यापेक्षा लगेच तिथंच त्याच्या मोबाइलवर ऑथेंटिकेटर अ‍ॅप टाकून टू-स्टेप चालू करा, म्हणजे पासवर्डनंतर मोबाइलवरचा कोड पण लागतो. गूगल वर्कस्पेसमध्ये टू-स्टेप सक्तीचं केलं असेल तर नवीन युजरला नोंदणीसाठी मुदत देण्याचं सेटिंग आहे, ते दिलं नसेल तर नवीन माणूस पहिल्याच लॉगिनला बाहेर अडकतो आणि तुम्हाला वाटतं पासवर्ड चुकतोय. मोबाइल जवळ नसेल तेव्हा वापरायचे बॅकअप कोड प्रिंट करून त्याच्या हातात द्या.

आणखी एक, जॉइनिंगच्या वेळी आधार, पॅन, पासबुकचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मागवायची सवय सगळीकडं आहे. बंद करा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा बाजूला ठेवला तरी कोणाच्या बायकोचं नाव आणि खातं नंबर तीस जणांच्या मोबाइलवर का जावा? एचआरच्या एका फोल्डरमध्ये घ्या, बाकी कोणाला दिसणार नाही असा.

शॉप फ्लोअरचं गणित वेगळं आहे. सीएनसीला, म्हणजे कॉम्प्युटर प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनला, प्रोग्रॅम पाठवायचा एकच पीसी, तीन शिफ्ट, तेलाचे हात, तिथं प्रत्येकानं लॉगआउट-लॉगिन करावं म्हणणं म्हणजे काम थांबवणं. तिथं विंडोजला एक कॉमन अकाउंट चालेल, पण त्यात फक्त तो एक प्रोग्रॅम, मेल नाही, इंटरनेट नाही, अकाउंट्सचा फोल्डर दिसत नाही. ईआरपीमधली एंट्री मात्र ज्याच्या त्याच्या आयडीनंच.

टॅलीला कॉमन आयडी अजिबात नको. १ एप्रिल २०२३ पासून कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांना अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद, म्हणजे एडिट लॉग, ठेवणं बंधनकारक आहे आणि तो बंद करता येता कामा नये. चौघं जण एकाच अ‍ॅडमिन आयडीवर व्हाउचर बदलत असतील तर लॉग तारीख-वेळ सगळं दाखवेल, फक्त केलं कोणी ते कळणार नाही.

आता कॉन्ट्रॅक्टर, कारण खरी गळती इथनं होते. ईआरपीचा व्हेंडर, घरनं ड्रॉइंग करून देणारा डिझायनर, सीएच्या ऑफिसमधनं येणारी आर्टिकलची (सीए व्हायला शिकाऊ काम करणारी) पोरं, सीसीटीव्हीवाला. ही माणसं पगारपत्रकात नसतात म्हणून ती कधी गेली ते एचआरला कळत नाही, आणि आयडी तर चालूच. प्रत्येक कॉन्ट्रॅक्टरच्या आयडीला कंपनीतला एक कायम माणूस जबाबदार धरा आणि त्याचं नाव शीटमध्ये लिहा. आयडी फर्मच्या नावानं काढू नका, माणसाच्या नावानं काढा, पुढं ईएक्सटी किंवा असं काहीतरी लावा म्हणजे बाहेरचा आहे हे मेल बघितल्या बघितल्या कळतं. आर्टिकलशिप आता दोन वर्षांची झालीय, पोरं बदलत राहतात, "सीए" नावाचा एकच आयडी असेल तर त्याचा पासवर्ड किती जणांना माहीत आहे ते देवालाच ठाऊक.

विंडोज डोमेन (सगळ्या पीसींचे युजर एकाच सर्व्हरवरनं सांभाळायची सोय) असेल तर युजरच्या प्रॉपर्टीजमध्ये अकाउंट टॅबवर सगळ्यात खाली अकाउंट एक्स्पायर्सचा पर्याय आहे, तिथं पीओची तारीख टाका. त्या दिवसानंतर नवीन लॉगिन होत नाही, आधीच आत बसलेला माणूस मात्र आपोआप बाहेर पडत नाही, एवढं लक्षात ठेवा. जिथं अशी सोय नाही तिथं कॅलेंडरला आठवण लावा, आयटीच्या आणि त्या जबाबदार माणसाच्या, दोघांच्या. मुदत वाढवायची असेल तर जबाबदार माणसाचा मेल पाहिजे, कॉन्ट्रॅक्टरनं स्वतः फोन केला म्हणून वाढवायची नाही. आणि एनीडेस्कला (लांबनं आपला पीसी चालवायचं सॉफ्टवेअर) कायमचा पासवर्ड लावून व्हेंडरला देऊन ठेवलाय का ते आज बघा. असेल तर काढा, काम असेल तेव्हा आपला माणूस समोर बसून अ‍ॅक्सेप्ट दाबेल, काम संपलं की बंद.

माणूस सोडून जातो तेव्हाचा क्रम. शेवटच्या दिवशी शिफ्ट संपताना अकाउंट सस्पेंड करा, डिलीट करू नका. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये साइन-इन ब्लॉक केलं तरी मोबाइलवरचं चालू सेशन लगेच तुटेलच असं नाही, म्हणून सेशन पण रिव्होक करा, म्हणजे आधीची सगळी लॉगिन तोडा. मग त्याचा ड्राइव्हमधला माल त्याच्या साहेबांच्या नावावर ट्रान्सफर करा, मेलचं काय करायचं ते ठरवा, आणि सगळं नीट झाल्यावरच डिलीटचा विचार. गूगल वर्कस्पेसमध्ये डिलीट केलेला युजर २० दिवस परत आणता येतो, मायक्रोसॉफ्टमध्ये ३० दिवस, त्यानंतर विसरा.

पण सगळ्यात जास्त त्रास देतो तो मोबाइल नंबर. जीएसटी पोर्टल, बँक, वेबसाइटचं डोमेन, कुरिअरचं अकाउंट, सगळ्यांचा ओटीपी जुन्या अकाउंटंटच्या स्वतःच्या सिमवर. एका कंपनीत रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी गेलेल्या माणसाला सकाळपासनं फोन लावत बसले होते, त्यानं नंबरच बदललेला. आपल्याकडं बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो, म्हणजे तुमचा ओटीपी अनोळखी माणसाच्या खिशात. कंपनीच्या नावावर एक-दोन सिम घ्या आणि असले सगळे नंबर त्यावर आणा. डिजिटल सिग्नेचरचं टोकन परत घेतलं का, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधनं काढलं का, वायफायचा पासवर्ड बदलला का, पंचिंग मशीनवरचं बोट काढलं का, हे पण त्याच दिवशी. पूर्ण हिशोब द्यायच्या आधी आयटीची सही असा नियम केला की हे सगळं वेळेत होतं.

अ‍ॅडमिन एकटा नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैमध्ये महापुराचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं, रस्ता बंद, माणसं अलीकडं आणि कारखाना पलीकडं. अशा वेळी पासवर्ड एकाच माणसाला माहीत असेल आणि त्याच्या घरात लाइट नसेल, तर कंपनी ठप्प. दोन अ‍ॅडमिन ठेवा, वेगवेगळ्या भागात राहणारे, आणि तिसरं एक इमर्जन्सी अकाउंट, त्याचा पासवर्ड बंद पाकिटात मालकांच्या तिजोरीत, पाकिटावर सही आणि तारीख.

दर तीन महिन्यांनी युजर लिस्ट काढा आणि त्या महिन्याच्या पगारपत्रकाशी आणि चालू पीओच्या यादीशी ताडून बघा. दोन्हीकडं नाव नाही तो आयडी सस्पेंड.

जुना गोंधळ निस्तरायचा असेल तर बाहेरच्यांपासून सुरू करा. ज्या आयडीचा मालक कोण ते तासाभरात कळत नाही तो सस्पेंड करून ठेवा, पण महिनाअखेर नको, जीएसटीच्या तारखा नकोत, आणि बॅकअप किंवा स्कॅनर त्या आयडीवर चालत नाही ना ते आधी तपासा, कारण खूप ठिकाणी झेरॉक्स मशीनचं स्कॅन टू मेल कोणाच्यातरी जुन्या पासवर्डवर चाललेलं असतं. ज्याला खरंच गरज आहे त्याचा दोन दिवसांत फोन येतो, तेव्हा शीटमध्ये त्याची ओळ भरा, शेवटची तारीख टाका आणि मग चालू करा.