रन पुन्हा जुळत नाही? हवामान प्रारूपे चालवताना या चुका टाळा

“कोड तोच, डेटा तोच, तरी उत्तर वेगळे” ही तक्रार घेऊन कोणी ना कोणी सतत माझ्या टेबलापाशी येत असते, आणि तपासाअंती बहुधा ‘तोच’ हा शब्दच खोटा ठरतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे नेमलिस्ट (प्रारूपाच्या सेटिंग्जची फाइल) जागच्या जागी बदलणे. ती मी स्वतः केली आहे. कोकणातील एका अतिवृष्टीचा, डब्ल्यूआरएफ या हवामान प्रारूपावरील रन आम्ही सात महिन्यांनी पुन्हा चालवला, तेव्हा घाटमाथ्यावरचा पाऊस जुन्या नकाशाशी जुळेना. मधल्या काळात संगणक केंद्राने कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) बदलला होता, त्यामुळे आरोपी आयताच सापडला आणि नऊ दिवस आम्ही ऑप्टिमायझेशनचे फ्लॅग (कोडचा वेग वाढवण्याचे पर्याय) बदलून प्रारूप पुन्हा पुन्हा कंपाइल करत बसलो. शेवटी जुन्या आउटपुट फाइलवर सहज ‘एनसीडंप -एच’ ही फाइलचे हेडर दाखवणारी आज्ञा चालवली, तर हेडरमध्येच सीयू_फिजिक्स या क्युम्युलस स्कीमच्या सेटिंगपुढे 0, म्हणजे बंद, होता आणि नव्या फाइलमध्ये 1. आतल्या, 3 किलोमीटरच्या जाळीच्या डोमेनमध्ये (क्षेत्रात) ढगांचे अभिसरण प्रारूप स्वतःच हाताळते, म्हणून तिथे क्युम्युलस स्कीम (जाळीत न मावणाऱ्या ढगांचा परिणाम अंदाजाने धरणारा भाग) बंद ठेवली होती. दुसऱ्या प्रयोगासाठी ती मीच सुरू केली आणि फाइल तशीच सेव्ह केली. तेव्हापासून प्रत्येक रनला स्वतंत्र डिरेक्टरी असते, रन सुरू होताच नेमलिस्ट ‘रीड-ओन्ली’ होते, आणि शेजारी गिटचा कमिट क्रमांक (कोडची नेमकी आवृत्ती), लोड केलेल्या सॉफ्टवेअर मॉड्यूलांची यादी व प्रोसेसरांची संख्या नोंदलेली असते. याला कारकुनी म्हणणारे म्हणोत बापडे.

दुसरी चूक याच्या उलट टोकाची: शेवटच्या अंकापर्यंत सगळे जुळलेच पाहिजे असा हट्ट. संगणकात बेरजेचा क्रम बदलला की पूर्णांकन बदलते, आणि प्रोसेसरांची संख्या किंवा कंपायलर बदलल्यास हा क्रम बदलू शकतो. 1961 मध्ये हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी आपल्या संगणकीय प्रारूपात 0.506127 ऐवजी छापील कागदावरचे 0.506 भरले आणि पुढचे सारे हवामान वेगळे निघाले. सीईएसएम या जागतिक हवामान प्रारूपाच्या लार्ज एन्सेम्बलमध्ये (एकाच प्रारूपाच्या अनेक रनच्या संचात) तर सुरुवातीच्या तापमानात 10 चा उणे 14 वा घात इतक्या अंश फरकाने वेगवेगळे सदस्य मुद्दाम तयार केले गेले. म्हणून एकाच रनची एकाच रनशी तुलना करून निष्कर्ष काढू नये. असे सूक्ष्म धक्के दिलेले निदान दहा रन घ्यावेत आणि नवा रन त्यांच्या पसाऱ्यात बसतो का ते पाहावे. घाईत असलेल्यांना हे पटत नाही. ते “केऑस असेल”, म्हणजे सूक्ष्म फरकच वाढत गेला असेल, असे म्हणून मोकळे होतात, आणि ही पळवाट मला हट्टापेक्षाही जास्त खटकते. पूर्णांकनाचा फरक पहिल्या टाइम-स्टेपला (गणनेच्या पायरीला) शेवटच्या अंकांत दिसतो. तिथेच तिसरा अंक हलला असेल, तर केऑसला दोष न देता काय बदलले ते शोधावे.

बाकीच्या चुका थोडक्यात. स्टोकॅस्टिक फिजिक्सचा (प्रारूपातील यादृच्छिक भागाचा) सीड, म्हणजे यादृच्छिक आकड्यांचा सुरुवातीचा अंक, न नोंदवणे. ईआरए5 या जागतिक हवामान डेटासंचाचा अलीकडचा तात्पुरता डेटा अंतिम समजून वापरणे. पायथनच्या पॅकेजांपुढे आवृत्ती न लिहिणे. 360 दिवसांच्या (दर महिना 30 दिवसांच्या) कॅलेंडरवर चाललेल्या प्रारूपात 31 जुलै शोधणे.

रीस्टार्टची (थांबवलेला रन तिथूनच पुढे चालवण्याची) चाचणी मात्र टाळू नये: सलग दहा दिवसांचा रन आणि पाच-पाच दिवसांचे दोन तुकडे, त्याच मशीनवर, त्याच एक्झिक्युटेबलने (कंपाइल केलेल्या प्रोग्रामने). इथे मी शेवटच्या बिटपर्यंत जुळणी मागतो, आणि ती झाल्याशिवाय लांबचा रन रांगेत टाकत नाही.