लोणारचा जुना इतिहास पाण्यावरून कसा ओळखावा

उल्का आदळून झालेलं लोणारचं विवर आणि त्यातलं खारं सरोवर पाहायला आलेले बहुतेक लोक काठावरून फोटो काढतात, उल्का केवढी होती ते विचारतात आणि निघतात. उल्केचं महत्त्व आहेच. पण इथे माणसं का वसली आणि कशावर जगली हे समजून घ्यायचं असेल, तर इथली दोन वेगळी पाणी पाहा. मी विज्ञानाची शिक्षिका. शाळेच्या मुलांना याच क्रमाने नेते.

तयारी घरीच करा. हळद पाण्यात कालवून पांढऱ्या कागदाला लावा, वाळू द्या आणि बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापा.

सकाळी लवकर धारेवर जा. विवराच्या ईशान्य काठावर गोड्या पाण्याचा हा झरा गोमुखातून पडतो. पट्टी भिजवा, ती पिवळीच राहील. गाव नेमकं याच बाजूला का, ते इथे उभं राहिलं की उमगतं.

मग विवरात उतरा. खोली सुमारे १५० मीटर आहे, त्यामुळे चढताना दम लागतो. पाणी सोबत ठेवा. वनखात्याने वाट बंद केली असेल तर हट्ट करू नका. सरोवराच्या काठाशी दुसरी पट्टी भिजवा. ती बघता बघता लालसर होते, कारण खाराच्या पाण्यात हळदीचा रंग बदलतो. मुलं इथे ओरडतातच! विवरातून पाणी बाहेर वाहून जायला वाटच नाही. उन्हाने ते आटतं आणि खडकांतून विरघळून आलेले क्षार मागे साचत राहतात.

हाच खार इथला जुना धंदा. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की लोक तो गोळा करायचे. दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी त्याच्या प्रकारांची नावं होती. ही नावं मुलांकडून मी पाठ करून घेते, कारण एवढी बारीक वर्गवारी तो माल रोज हाताळणाऱ्यांनीच केली असणार. काच, बांगड्या, साबण, पापडखार, सगळीकडे तो लागायचा. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या ‘ऐन-ए-अकबरी’तही काच आणि साबणाला लागणारा माल इथे मिळतो, अशी नोंद आहे. आज हे अभयारण्य आहे. काठावरचा पांढरा थर डोळे भरून पाहा, उचलू मात्र नका.

ऊन चढायच्या आत वर या आणि गावातलं दैत्यसूदनाचं, म्हणजे विष्णूचं, जुनं देऊळ गाठा. बाहेरच्या भिंतींचे कोन आणि त्यांवरचं कोरीव काम पाहत एक पूर्ण फेरी मारा, मगच आत शिरा. असं देऊळ इथे उभं राहिलं त्यात धारेच्या तीर्थाचा वाटा मोठा. खाराच्या पैशाचाही असावा, असं मला वाटतं. आत अंधार असतो. छत नीट पाहायचं तर टॉर्च लागेल.