झाडाची साल कोणी सोलली? जनावर ओळखायचं कसं

सकाळी झाडापाशी गेलं आणि बुंध्याची साल गायब, आत पांढरं लाकूड उघडं पडलेलं दिसलं की पहिल्यांदा तोंडातून येतं "साळिंदर असणार!" थांबा जरा. जनावराचं नाव नंतर, आधी हत्यार ठरवा, म्हणजे हे काम दातांचं आहे, शिंगांचं आहे की नखांचं. एवढं कळलं की निम्मे संशयित आपोआप सुटतात.

त्यासाठी टॉर्च लागतो, दिवसा पण. उजेड समोरून मारायचा नाही, खोडाला चिकटवून कडेनं मारायचा, मग जे लाकूड गुळगुळीत वाटत होतं त्यावर बारीक चऱ्या उठून दिसायला लागतात, बोट फिरवलं तर हाताला पण लागतात. फोटो काढताना शेजारी पट्टी किंवा नाणं धरा, नाहीतर घरी येऊन बघताना खूण किती मोठी होती काहीच कळत नाही.

चऱ्या दिसल्या म्हणजे दात. आता त्या किती रुंद आहेत बघा. उंदराच्या खुणा जेमतेम १ ते २ मिलीमीटर, वेड्यावाकड्या, कशाही दिशेनं आणि बहुतेक जमिनीलगत, गवताच्या आडोशाला. सशाच्या त्याहून मोठ्या आणि वीतभर-दोन वीत उंचीपर्यंत, पण ससा ओळखायचा तो कोवळ्या फांदीवरून, धारदार चाकूनं तिरका काप द्यावा तशी फांदी कापलेली असते. (बर्फ पडणाऱ्या भागात ससा साचलेल्या बर्फावर उभा राहून खातो, त्यामुळे बर्फ वितळल्यावर खूण भलत्याच उंचीवर दिसते आणि लोक चक्रावतात.) साळिंदराचे पटाशीचे दात चांगले रुंद, सुताराने छोट्या पटाशीने लाकूड तासावं तसे जोडीजोडीने ठसे, खाली सालीचे तुकडे पडलेले. आपल्याकडचं साळिंदर जमिनीवरूनच खातं त्यामुळे जखम बुंध्यापाशी, अमेरिकेतलं मात्र झाडावर चढतं आणि वर उंच साल खातं. आजूबाजूला गळलेला काटा सापडला तर मग वादच मिटला. उंच फांद्यांवरची साल गेलीय आणि खाली बारीक तुकडे पडलेत, पण जमिनीलगत काहीच नाही, तर खार किंवा शेकरू.

हरणांची गोष्ट वेगळी आणि इथेच जास्त लोक फसतात. हरीण, सांबर, शेळी, गाय यांना वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात, तिथे नुसती कडक गादी असते. त्यामुळे त्यांना कुरतडता येत नाही, खालचे दात सालीत रुतवायचे आणि वर ओढायचं. मग होतं काय, जखमेची खालची कड बऱ्यापैकी साफ आणि वरच्या टोकाला सालीची लक्तरं लोंबत असतात. फांदी खाल्ली तरी टोक पिंजलेलं राहतं, सशासारखा काप नाही.

दाताची एकही खूण नाही पण साल दोऱ्यासारखी पिंजलीय, खोड घासून गुळगुळीत झालंय, तर शिंगं. सांबरासारख्या हरणाच्या नराच्या नव्या शिंगांवरची मखमली कातडी वाळायला लागली की तो ती झाडावर घासून काढतो, आणि माजावर असताना तर काही विचारू नका. साधारण गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीत, बऱ्याचदा मनगटाएवढ्या रोपट्यावर. चीक आला असेल तर त्यात केस चिकटलेले सापडतात, तेवढे बघाच.

रानडुक्कर चिखलात लोळून आलं की अंग घासतं, त्यामुळे खोडावर वाळलेल्या चिखलाचा पट्टा, मांडीच्या उंचीच्या आसपास. त्यात राठ केस असेल तर टोक डोळ्याजवळ धरून बघा, डुकराच्या केसाचं टोक फाटून दुभंगलेलं असतं. सुळ्याचे तिरके वार पण कधी कधी दिसतात.

नखांचं म्हणाल तर बिबट्या-वाघाचे ओरखडे उभे, समांतर आणि बारीक पण खोल, कारण नखं आत ओढून ठेवता येतात म्हणून धार टिकते. कधी कधी नखाचं सुटलेलं पातळ टरफल सालीत अडकून राहतं. साल खाल्लेली नसते. अस्वलाची नखं आत जात नाहीत, त्यामुळे ओरखडा जाड, आणि ते मधासाठी वगैरे चढत असल्यानं खुणा एका जागी नसतात, खोडावर वरपर्यंत गेलेल्या असतात, उतरताना घसरल्याच्या लांब रेघा वेगळ्या. हत्ती असेल तर तुम्हाला हा लेख लागणारच नाही, हातभर लांब पट्ट्या सोललेल्या आणि आसपास मोडतोड.

आणि हो, जनावर नसेल ही शक्यता आधी तपासा. मी स्वतः एका रोपाच्या बुंध्याची साल गेलेली बघून दोन रात्री साळिंदराची वाट बघत बसलोय, आणि निघालं काय, तर गवत कापायच्या मशीनची दोरी! सगळ्या जखमा एकाच उंचीवर, दात कुठेच नाहीत, टॉर्च कडेनं मारला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. सालीवर जाळी आणि भुसा-विष्ठेचा चिकट पट्टा असेल तर साल खाणारी अळी, मातीचं कवच असेल तर वाळवी.

एवढं करूनही दोघांत अडलं तर संध्याकाळी बुंध्याभोवती बारीक चाळलेली माती किंवा राख हातभर रुंद पसरून ठेवा आणि सकाळी ऊन तिरपं असतानाच ठसे बघा. मात्र ताज्या जखमेपाशीच करा हे, ओलसर फिकट लाकूड असेल तिथे, तपकिरी पडून कडा जाड झालेल्या जुन्या जखमेपाशी राख पसरून कोणी येत नाही. आणि साल पूर्ण गोल गेलीय का तेही तेव्हाच बघून घ्या, कारण पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातूनच मुळांकडे उतरतं, एका बाजूची जखम झाड भरून काढतं पण पूर्ण कडं गेलं असेल तर ते झाड बहुतेक हातचं गेलं.