क्यूएमूच्या बोर्डातून जुनं रॅम-फंक्शन काढताना

क्यूएमू म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये आख्खं यंत्र उभं करणारा एम्युलेटर, आणि बोर्ड म्हणजे त्यातलं एका यंत्राचं मॉडेल. त्या बोर्डाच्या कोडमधली एकही ओळ पुसण्याआधी रॅमचं नाव लिहून घ्या. मेमरी_रीजन_अलोकेट_सिस्टम_मेमरी या जुन्या फंक्शनला दिलेलं तिसरं आर्ग्युमेंट म्हणजे ते नाव. कॉल एकदा पुसला की ते कुठेच उरत नाही. गेल्या वेळी नेमकं हेच राहिलं आणि क्यूएमू ४.२ वर साठवलेले स्नॅपशॉट (यंत्राची गोठवून ठेवलेली स्थिती) नव्या बिल्डवर उघडेनात.

ब्रँच, बॅकअप वगैरे आहेच. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागात कंट्रोलरचं फर्मवेअर स्वतःच्या बोर्ड-मॉडेलवर तपासणाऱ्यांकडे स्वतःच्या बोर्डाच्या फाइल्स असतात, आणि त्या मूळ प्रकल्पात नसल्यामुळे कुणी आपोआप बदलून देत नाही. एप्रिल २०२० मध्ये ५.० आलं, त्यात हे फंक्शनच गेलं. आता मुख्य रॅम बोर्डाने मागायची नसते. ती मेमरी-बॅकएंडमधून (क्यूएमूचा रॅम पुरवणारा भाग) तयार होऊन मशीन->रॅम मध्ये येते आणि बोर्डाने ती फक्त योग्य पत्त्यावर जोडायची. म्हणजे कोड कमी होतो, आणि त्या आनंदात नाव हरवतं.

ते नाव मशीन क्लासच्या (बोर्डाची कोडमधली व्याख्या) डीफॉल्ट_रॅम_आयडी मध्ये जसंच्या तसं टाका. अंदाजाने टाकू नका, नावांना एक साचा नाही. इंटेल पीसीचं ‘पीसी.रॅम’ आहे, आर्मच्या व्हर्टचं ‘माक-व्हर्ट.रॅम’, पॉवरच्या पीसिरीजचं ‘पीपीसी_एसपॅपर.रॅम’. आपल्या बोर्डाचं जुन्या कोडमध्ये जे असेल तेच, ठिपका आणि अंडरस्कोअरसकट. ही ओळ अजिबात लिहिली नाही तर बोर्ड सुरू होतानाच कोसळतं, ते बरं, लगेच कळतं. खरा घात चुकीच्या नावाने होतो. गेस्ट, म्हणजे आत चालणारी सिस्टिम, छान बूट होतो, सगळ्या चाचण्या पास होतात, आणि मायग्रेशनच्या वेळी, म्हणजे चालू गेस्ट दुसऱ्या क्यूएमूकडे हलवताना, समोरचा क्यूएमू ‘अननोन रॅमब्लॉक’ म्हणून नकार देतो. जमीन तीच असली तरी सातबाऱ्यावरचं नाव जुळलं नाही की व्यवहार अडतो, तसं हे. रॅमचे बाइट्स नावासकट जातात, आणि साठवलेला स्नॅपशॉटही त्याच वाटेने उघडतो.

बोर्डावर दुसरी रॅम असेल, एसरॅम वगैरे, तर तिच्या नावालाही हात लावू नका.

आकार. बोर्डाला ठरावीकच रॅम चालत असेल तर डीफॉल्ट_रॅम_साइझ द्या, नाहीतर १२८ एमबी गृहीत धरलं जातं. वेगळा आकडा आला तर स्पष्ट एरर देऊन थांबा. पूर्वी काही बोर्डं गुपचूप आकडा बदलून घ्यायची, ते आता करू नका.

स्क्रिप्टमध्ये कुणी बॅकएंड हाताने देत असेल तर पुन्हा नावच: बॅकएंडची आयडी तीच ठेवा, जी क्यूएमूची क्वेरी-मशीन्स ही कमांड दाखवते. मशीन टाइप ४.० किंवा त्याहून जुना असेल आणि ५.० च्या आधीच्या क्यूएमूशी मायग्रेशनने ये-जा करायची असेल, तर बॅकएंडला एक्स-यूज-कॅनॉनिकल-पाथ-फॉर-रॅमब्लॉक-आयडी=ऑफ हेही लागतं. लांबलचक आहे, पण वगळू नका.

-मेम-पाथ (रॅम कुठल्या फाइल-जागेतून घ्यायची ते सांगणारा पर्याय): जागा मिळाली नाही तर पूर्वी साध्या रॅमवर निभायचं, ५.० पासून थेट एरर येते. ह्यूजपेजेस (मेमरीची मोठ्या आकाराची पानं) आधी मोजा. -नुमा (मेमरी नोड्समध्ये वाटणारा पर्याय) मधलं मेम= ५.१ च्या मशीन टाइपपासून बंद, मेमडेव्ह वापरा.

चाचणी जुन्या बिल्डवरून नव्यावर मायग्रेट करून, आणि जुना स्नॅपशॉट उघडून. नुसता बूट म्हणजे चाचणी नाही. मग सीआय (आपोआप चालणाऱ्या चाचण्या), रिलीज-नोट, टॅग. रिव्ह्यू करणाऱ्याने सगळ्यात आधी दोनच ओळी शेजारी ठेवून वाचाव्यात: पुसलेल्या कॉलमधलं तिसरं आर्ग्युमेंट आणि नवं डीफॉल्ट_रॅम_आयडी.