रोम वाचायचं तर पगारापासून सुरू करा

गेल्या महिन्याभरात तिघाचौघांनी विचारलं की रोमचा इतिहास वाचायचाय पण सुरुवात कुठून करू, म्हणून एकदाच लिहून टाकतो. मी प्रोफेसर वगैरे नाही, कल्याणहून सीएसएमटीला रोज जाणारा माणूस आहे, मुद्दाम स्लो लोकल पकडतो कारण बसायला मिळतं आणि साधारण दीड तास वाचन होतं. त्या दीड तासात हा विषय मी आधी एकदा साफ चुकीच्या पद्धतीने वाचला आणि मग बऱ्यापैकी बरोबर.

चुकीची पद्धत म्हणजे सम्राटांची यादी पाठ करणं. ऑगस्टस, टायबेरिअस, कॅलिग्युला, क्लॉडिअस, नीरो, इथपर्यंत ठाकुर्ली डोंबिवली मजेत गेली, आणि मग कळलं की इ.स. ६९ या एकाच वर्षात चार सम्राट झाले, पुढे तिसऱ्या शतकात तर कोण कधी आला आणि कोणी मारला याचा पत्ताच लागेना, मुलुंड यायच्या आत वही बॅगेत. तर ते करू नका. त्याऐवजी पान उलटताना एकच प्रश्न विचारत राहा: या वेळी सैनिकाला पैसे कोण देतंय? बस. रोमचं सरकार, दंगे, पडझड, सगळं या एका दोऱ्यात बऱ्यापैकी ओवता येतं. सगळंच नाही, पण सुरुवातीला पुरतं.

आता एक कागद घ्या, आडवा धरा आणि त्यावर सहाच सनावळ्या लिहा. इ.स.पू. ५०९, इ.स.पू. १०७, इ.स.पू. २७, मग इ.स. २३५, ४३९ आणि ४७६. बाकीचं सगळं यांच्या मधे कुठेतरी खुपसायचं. एक गंमत लक्षात ठेवा, इ.स. शून्य नावाचं वर्षच नाही, इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १, त्यामुळे दोन्ही बाजूंची वर्षं मोजताना बेरजेतून एक वजा करायचा. म्हणजे दंतकथेप्रमाणे रोम वसलं इ.स.पू. ७५३ ला, तिथपासून ४७६ पर्यंत १२२८ वर्षं. मी पहिल्यांदा १२२९ लिहिलं होतं आणि फार आत्मविश्वासाने लोकांना सांगितलं पण होतं.

५०९ ला राजाला हाकललं आणि रिपब्लिक आलं. हे समजायला आपली हाउसिंग सोसायटी डोळ्यासमोर आणा, फक्त सेक्रेटरी दोन, दोघांची मुदत एक वर्ष आणि एकाने काही ठरवलं की दुसरा ते अडवू शकतो. हे दोन कॉन्सल. शेजारी सेनेट, साधारण ३०० जुन्या खानदानी मंडळींची, जी कागदोपत्री फक्त सल्ला देते पण तो सल्ला टाळायची कोणाची हिंमत नाही. (आमच्या सोसायटीत हे काम पहिल्या मजल्यावरचे दोन आजोबा करतात.) आणि सामान्य लोक म्हणजे प्लेब, त्यांनी इ.स.पू. ४९४ ला चक्क शहर सोडून बाहेर जाऊन बसण्याचा प्रकार केला. संप म्हणजे काय हे मुंबईकराला समजावून सांगायला नको. त्यातून त्यांना स्वतःचे ट्रिब्यून मिळाले, ज्यांच्या अंगाला हात लावायचा नाही आणि ज्यांनी नाही म्हटलं की काम थांबलं.

पण मतदान बघा. कॉन्सल निवडणाऱ्या सभेत माणसं मोजत नसत, गट मोजत. एकूण गट १९३, त्यातले ९८ घोडेस्वार आणि सगळ्यात श्रीमंत वर्गाचे, म्हणजे ते एकत्र आले की निकाल लागला, आणि ज्यांच्याकडे काहीच मालमत्ता नाही अशा सगळ्यांचा मिळून गट एक. हे एकदा कागदावर टिंबं काढून बघा, वाचून जेवढं कळत नाही तेवढं टिंबांनी कळतं.

आता पगाराकडे. सुरुवातीला सैनिक म्हणजे जमीन असलेला शेतकरी, शस्त्र स्वतःचं, लढाई संपली की घरी. पुढे किरकोळ भत्ता सुरू झाला तरी पोट शेतावरच. पण लढाया स्पेन आणि आफ्रिकेपर्यंत गेल्यावर माणूस वर्षानुवर्षं घरी येईना, शेत बुडालं, बड्या लोकांनी ते गिळलं आणि गुलामांकडून कसायला घेतलं. टिबेरिअस ग्राकस नावाच्या ट्रिब्यूनने जमीन वाटायचा कायदा आणला तर इ.स.पू. १३३ ला त्याला मारला, १२१ मधे त्याच्या भावाचाही शेवट तसाच. मग इ.स.पू. १०७ ला मारिअस नावाच्या सेनापतीने भूमिहीन माणसं सैन्यात घेतली. हे एका रात्रीत बदललं असं नाही, आधीपासून ढिलं होतच होतं, पण कागदावर खूण इथे करा, कारण आता सैनिकाला म्हातारपणी जमीन कोण देणार? सेनेट नाही, त्याचा सेनापती. मग सैनिक कोणाचा? सेनापतीचा. पुढचं तुम्हीच सांगाल, इ.स.पू. ८८ ला सुल्ला नावाचा सेनापती स्वतःच्याच शहरावर फौज घेऊन आला, ४९ ला सीझर या दुसऱ्या सेनापतीने फौजेसकट रुबिकॉन, म्हणजे इटलीच्या हद्दीवरची नदी, ओलांडली, ४४ च्या १५ मार्चला सीझरवर २३ वार झाले, आणि इ.स.पू. २७ ला त्याचा वारस ऑगस्टस सगळ्यांच्या वर जाऊन बसला.

ऑगस्टसवर मात्र घाई करू नका, इथे दोन दिवस द्या. माझ्या मते पूर्ण रोममधला सगळ्यात हुशार माणूस हाच. त्याने राजा हा शब्द वापरला नाही, सेनेट ठेवली, कॉन्सल ठेवले, निवडणुका ठेवल्या, पाट्या सगळ्या जुन्याच, फक्त गल्ल्याची किल्ली स्वतःकडे. इ.स. ६ मधे त्याने निवृत्त सैनिकांसाठी वेगळी तिजोरी काढली, स्वतःचे १७ कोटी सेस्टर्स (हे रोमचं नाणं) त्यात टाकले आणि पुढे ती चालावी म्हणून वारसाहक्कावर ५ टक्के कर लावला. साधा सैनिक तेव्हा वर्षाला ९०० सेस्टर्स कमवायचा, हा आकडा कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, लागणारे.

संस्कृतीचा भाग वाचताना पुतळे आणि कमानी जरा बाजूला ठेवा, आधी माणसं राहायची कुठे ते बघा. रोमचा सामान्य माणूस संगमरवराच्या घरात नव्हता, तो इन्सुला नावाच्या भाड्याच्या अनेकमजली इमारतीत राहायचा, खाली दुकानं, वर खोल्या, जितका वरचा मजला तितका गरीब भाडेकरू, पडझड आणि आग नेहमीची. ऑगस्टसने उंचीवर ७० फुटांची मर्यादा घातली आणि आग विझवणारी पथकं उभी केली. गिरगाव लालबागच्या चाळीत ज्याचं बालपण गेलंय त्याला हे चित्र काढून दाखवायला नको. सकाळी उठून गरजू लोक एखाद्या बड्या माणसाच्या दारात हजेरी लावायचे, कोणाला पैसे, कोणाला शिफारस, बदल्यात मत आणि मागेपुढे फिरणं. नगरसेवकाच्या ऑफिसबाहेर सकाळी उभे राहिला असाल तर पेट्रन आणि क्लायंट हे प्रकरण पाठ करावं लागणार नाही. घरात लारेस आणि पेनातेस या देवांचा कोनाडा, आपल्या देवघरासारखाच.

आणि पोम्पेई, इटलीतलं एक शहर. इ.स. ७९ ला व्हेसुव्हिअस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं म्हणून निवडणुकीच्या घोषणा भिंतींवर तशाच राहिल्या, दोन हजारांच्या वर. बेकरीवाले अमक्याला पाठिंबा देतात, धोबी तमक्याला, आणि एका वातिया नावाच्या उमेदवाराला रात्री उशिरापर्यंत पिणाऱ्या समस्त मंडळींचा पाठिंबा! हे विरोधकाचं काम असणार असं मला वाटतं. आपल्याकडे ताई माई अक्का, त्यांच्याकडे हे. उमेदवार खडूने पांढराफेक केलेला टोगा, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं रोमन वस्त्र, घालून फिरायचे. पांढऱ्या कपड्याचं आणि मतं मागण्याचं नातं जुनं आहे तर.

पाठांतराची सोय म्हणून एक, लॅटिन सेप्टेम, ऑक्टो, नोव्हेम, डेकेम मोठ्याने म्हणा. सप्त, अष्ट, नव, दश ऐकू येतं ना? सप्टेंबर नवव्या जागी असून त्याच्या नावात सात आहे कारण त्यांचं जुनं वर्ष मार्चला सुरू व्हायचं. भाषांचं मूळ एक असल्यामुळे हे होतं आणि असे शब्द हाताशी ठेवले की लॅटिन नावांची भीती जाते.

मग एक रविवार काढून आपल्या भागातलं रोम बघा. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या पेरिप्लस या प्रवासमाहितीत सोपारा आहे, चौल आहे आणि कल्लिएना म्हणून आमचं कल्याण पण आहे, शिवाय तक्रार अशी की कल्याणला चुकून लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात. स्टेशनबाहेर रिक्षाच्या लाइनीत उभं राहून हे आठवलं की मला फार हसू येतं. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती मिळाली तीही याच व्यापाराची खूण. आता कोपऱ्यातला आकडा काढा. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी कुरकुर करतो की भारत दरवर्षी रोमचे ५ कोटी सेस्टर्स ओढून घेतो. भागिले ९००, म्हणजे ५५ हजार सैनिकांचा वर्षाचा पगार, मिरी, मलमल आणि मोत्यांवर! प्लिनीचा आकडा फुगवलेला असू शकतो, पण हिशोब करून बघितल्यावर त्याचा वैताग समजतो.

ऱ्हास वाचताना लोकं सगळ्यात जास्त फसतात. शिशाच्या नळांनी वेडे झाले, ऐषारामाने बिघडले, असलं काही दिसलं की पुढे सरका. एका जर्मन इतिहासकाराने १९८४ मधे आजवर मांडलेली कारणं मोजली तर २१० निघाली, त्यामुळे तुम्ही २११ वं शोधू नका, परत पगाराचा दोरा पकडा. इ.स. १९३ ला राजरक्षकांनी सम्राटाला मारून गादीचा चक्क लिलाव केला. २११ ला मरताना सम्राट सेव्हेरसने पोरांना सांगितलं म्हणे, सैनिकांना श्रीमंत करा, बाकीच्यांची पर्वा नको. पगार वाढत गेले, चांदी तेवढीच, मग नाण्यात भेसळ. २३५ पासून पन्नास वर्षं सम्राट येतायत आणि मारले जातायत, आणि २६८ च्या आसपास चांदीच्या म्हणवणाऱ्या नाण्यात चांदी पाच टक्के पण उरली नव्हती. सम्राट डायोक्लेशनने २८४ ला येऊन घडी बसवली खरी, पण ३०१ ला वस्तूंचे कमाल भाव ठरवणारा हुकूम काढला तर माल बाजारातून गायब. हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको.

चौथं शतक भराभर घ्या, सम्राट कॉन्स्टंटाइन, ख्रिस्ती धर्म, ३३० ला पूर्वेला कॉन्स्टँटिनोपल ही नवी राजधानी, आणि शतक संपता संपता साम्राज्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग. थांबायचं ते ३७८ ला, एड्रिअनोपलला गॉथ या जर्मानिक टोळीच्या लोकांनी रोमन फौज कापली आणि सम्राट तिथेच मेला. ४१० ला रोम लुटलं गेलं त्याचा गवगवा फार, पण माझ्या मते खरा दणका ४३९ चा, व्हँडल या दुसऱ्या जर्मानिक टोळीने उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज घेतलं तो, कारण पश्चिमेचं धान्य आणि कर तिथून यायचा. कर नाही म्हणजे पगार नाही, पगार नाही म्हणजे फौज नाही. ४६८ ला ते परत घ्यायला मोठं आरमार पाठवलं, ते पण जळालं.

४७६ शेवटी वाचा, मधेच उडी मारून नको, नाहीतर मजा जाते. इटलीतल्या भाडोत्री सैनिकांनी तेव्हा राज्य मागितलं नव्हतं, राहायला कसायला जमीन मागितली होती. खरा कारभार हाकणाऱ्या ओरेस्टेसने नाही म्हटलं, त्यांनी त्याला मारलं, त्याच्या पोराला गादीवरून उतरवून वर्षासन बांधून दिलं आणि आपला म्होरक्या ओडोआकर याला राजा केलं. पोराचं नाव रोम्युलस ऑगस्ट्युलस, शहर वसवणाऱ्याचं आणि पहिल्या सम्राटाचं, दोन्ही एकत्र, त्यात दुसरं चिमुकलं करून. पूर्वेकडचा अर्धा भाग मात्र १४५३ पर्यंत चालला, त्याला वेगळा कागद घ्या, तो दीड तासात बसत नाही.